कॅसलव्हेनिया कुठून सुरू करायचं: गेम आले तो क्रम आणि गोष्ट घडली तो क्रम

कॅसलव्हेनिया या व्हिडिओ गेम मालिकेतला पहिला गेम कोनामी या जपानी कंपनीने १९८६ मध्ये जपानात आणला, आणि त्याची गोष्ट आहे १६९१ मधली. तिच्या दोनशे वर्षं आधी काय घडलं होतं, ते १९८९ च्या गेममध्ये कळलं. या सगळ्या वैराचं मूळ १०९४ मध्ये आहे, पण ते दाखवणारा गेम यायला २००३ उजाडलं. त्याच २००३ मध्ये २०३५ साली घडणारी गोष्टही येऊन गेली. चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरणारं बेलमाँट घराणं, पुन्हा पुन्हा उठणारा ड्रॅक्युला आणि त्यांच्यामधली नऊशेहून अधिक वर्षं हा सगळा पट असा मागेपुढे उड्या मारत विणला गेला आहे.

त्यामुळे नव्या खेळाडूचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या क्रमाने खेळू? माझं उत्तर आधीच सांगते. सालांच्या क्रमाने खेळू नका. सर्वांत जुन्या काळातल्या गोष्टी सर्वांत उशिरा लिहिल्या गेल्या, आणि त्या ड्रॅक्युलाला, त्या चाबकाला, त्या घराण्याला आधीपासून ओळखणाऱ्यांसाठी लिहिल्या गेल्या. सालांची यादी वंशावळीसारखी शेजारी ठेवा आणि खेळायचा क्रम वेगळा धरा. तो कसा लावायचा ते आता बघू. 'लॅमेंट ऑफ इनोसन्स'चा शेवट आणि 'आरिया ऑफ सॉरो'मधलं मुख्य रहस्य ही दोन गुपितं मात्र मी इथे फोडणार नाही.

पायरी १: आधी वेगवेगळी जगं बाजूला काढा

निम्मा गोंधळ इथेच मिटतो. कॅसलव्हेनिया या नावाखाली एकमेकांशी न जोडलेल्या तीन गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे मूळ मालिका, १९८६ ते २००९ या काळात वाढलेली. हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

दुसरी 'लॉर्ड्स ऑफ शॅडो'. मर्क्युरीस्टीम या स्पॅनिश स्टुडिओने २०१० मध्ये सगळं पहिल्यापासून मांडलं. यातला नायक गेब्रिएल बेलमाँट असून गोष्ट १०४७ मध्ये सुरू होते. मूळ मालिकेतली सायमन, ट्रेव्हर, अल्युकार्ड ही नावं इथेही भेटतात, पण ती माणसं वेगळी आणि त्यांची नातीही वेगळी. या शाखेला क्रमाचं कोडं नाही: 'लॉर्ड्स ऑफ शॅडो' (२०१०), 'मिरर ऑफ फेट' (२०१३), 'लॉर्ड्स ऑफ शॅडो २' (२०१४), असेच खेळा. फक्त 'मिरर ऑफ फेट'मध्ये आधी सायमनचा, मग अल्युकार्डचा आणि शेवटी ट्रेव्हरचा भाग येतो. म्हणजे काळ उलटा चालतो. हे मुद्दाम केलेलं आहे, तेव्हा गोंधळू नका.

तिसरं जग नेटफ्लिक्सवरच्या ॲनिमेशन मालिकांचं, २०१७ ची पहिली आणि २०२३ ची 'नॉक्टर्न'. पहिलीने 'ड्रॅक्युलाज कर्स' आणि 'कर्स ऑफ डार्कनेस' या गेममधली पात्रं घेतली, दुसरीने रिक्टर बेलमाँटची गोष्ट फ्रेंच राज्यक्रांतीत नेली. बघायला दोन्ही छान आहेत. पण त्यातल्या घटना गेमच्या कालक्रमात घालू नका. उदाहरणार्थ, तिथे आयझॅक या पात्राचं जे होतं ते गेममधल्या आयझॅकचं होत नाही.

'किड ड्रॅक्युला', 'जजमेंट', 'हार्मनी ऑफ डिस्पेअर' असे आणखी काही गेम आहेत. कथेसाठी त्यांची गरज नाही.

पायरी २: गेम कसे आले ते समजून घ्या

सगळी नावं पाठ करायची गरज नाही. मालिका तीन टप्प्यांत बदलली हे लक्षात आलं की कुठला गेम हातात कसा वाटेल याचा अंदाज येतो.

पहिला टप्पा सरळ पुढे जाणाऱ्या, टप्प्याटप्प्याच्या गेमचा. १९८६ चा पहिला 'कॅसलव्हेनिया', १९८७ चा 'सायमन्स क्वेस्ट', १९८९ मध्ये गेम बॉयवरचा 'द कॅसलव्हेनिया अ‍ॅडव्हेंचर' आणि जपानात त्याच वर्षी आलेला 'ड्रॅक्युलाज कर्स', १९९१ मध्ये 'बेलमाँट्स रिव्हेंज' आणि 'सुपर कॅसलव्हेनिया ४', १९९३ मध्ये पीसी इंजिन या गेमयंत्रावरचा 'रोंडो ऑफ ब्लड', १९९४ मध्ये मेगा ड्राइव्ह या गेमयंत्रावरचा 'ब्लडलाइन्स'. उडी एकदा मारली की हवेत दिशा बदलणं बहुतेक ठिकाणी जमत नाही. शत्रू कुठून येणार ते पाठ करत पुढे सरकायचं. 'सुपर कॅसलव्हेनिया ४' यात सर्वांत मवाळ आहे, कारण तिथे चाबूक आठही दिशांना फिरतो.

दुसरा टप्पा १९९७ मध्ये 'सिंफनी ऑफ द नाइट'ने सुरू केला. किल्ला आता एक सलग नकाशा झाला, नायकाची ताकद वाढत जाऊ लागली, आधी बंद असलेली दारं नव्या शक्तीने उघडू लागली. पुढे मालिकेचा निर्माता झालेल्या कोजी इगाराशी यांचा या गेममध्ये मोठा वाटा होता. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरचे 'सर्कल ऑफ द मून' (२००१), 'हार्मनी ऑफ डिसनन्स' (२००२) आणि 'आरिया ऑफ सॉरो' (२००३), तसंच निन्टेन्डो डीएसवरचे 'डॉन ऑफ सॉरो' (२००५), 'पोर्ट्रेट ऑफ रुइन' (२००६) आणि 'ऑर्डर ऑफ एक्लेझिया' (२००८) हे सगळे याच घडणीचे.

तिसरा प्रवाह त्रिमितीय गेमचा: निन्टेन्डो ६४ वरचे १९९९ चे दोन, मग प्लेस्टेशन २ वरचा 'लॅमेंट ऑफ इनोसन्स' (२००३) आणि प्लेस्टेशन २ व एक्सबॉक्सवरचा 'कर्स ऑफ डार्कनेस' (२००५). खेळ म्हणून हे थोडे कोरडे आहेत, लांबच लांब एकसारख्या खोल्या त्यांत आहेत. कथेच्या दृष्टीने प्लेस्टेशन २ च्या काळातले दोन्ही फार महत्त्वाचे.

पायरी ३: शंभर वर्षांचा हिशेब लक्षात ठेवा

सालं डोक्यात बसत नसतील तर ही एक किल्ली पुरते. माणसांमधली श्रद्धा दुबळी झाली की साधारण दर शंभर वर्षांनी ड्रॅक्युला परत येतो. १४७६, १५७६, १६९१, १७९२ हा कणा आहे. मधली जी सालं आहेत, तिथे कुठल्या तरी माणसाच्या कृतीमुळे किंवा शापामुळे वेळेआधी काहीतरी घडलेलं असतं. असं साल दिसलं की 'इथे कोणी खोडी काढली?' असा प्रश्न विचारायचा. त्या गेमची कथा बहुधा त्याच उत्तरात असते.

पायरी ४: गोष्ट घडली तो क्रम

१०९४, 'लॅमेंट ऑफ इनोसन्स'. लिऑन बेलमाँटची वाग्दत्त वधू सारा हिला वॉल्टर नावाचा व्हँपायर पळवून नेतो. लिऑनकडे किमयागाराने बनवलेला चाबूक येतो आणि तो 'व्हँपायर किलर' कसा झाला हे इथे कळतं. ते कळल्यावर बाकीच्या सगळ्या गेममधला तो चाबूक वेगळ्याच नजरेने दिसतो. मालिकेतला सर्वांत दुःखाचा प्रसंग कुठला असं मला विचारलं, तर मी हाच सांगेन.

१४७६, 'ड्रॅक्युलाज कर्स'. ट्रेव्हर बेलमाँट, सायफा बेलनाडेस, ग्रँट डनॅस्टी आणि ड्रॅक्युलाचा मुलगा अल्युकार्ड. जपानी आवृत्तीत ट्रेव्हरचं नाव राल्फ आहे, माणूस तोच. गेममध्ये एका वेळी एकच साथीदार बरोबर घेता येतो, वाटाही वेगवेगळ्या फुटतात. कालक्रमात मात्र चौघांनी मिळून ड्रॅक्युलाला हरवलं असंच धरलं आहे. पुढचे बेलमाँट ट्रेव्हर आणि सायफाचे वंशज.

१४७९, 'कर्स ऑफ डार्कनेस'. मरताना ड्रॅक्युलाने टाकलेला शाप देशभर पसरला आहे. ड्रॅक्युलाची साथ सोडलेला हेक्टर आपल्या प्रेयसीच्या, रोझालीच्या, मृत्यूचा सूड घ्यायला आयझॅकच्या मागे लागतो. ट्रेव्हरही भेटतो.

१५७६ आणि १५९१ हे क्रिस्टोफर बेलमाँटचे गेम बॉयवरचे दोन गेम, 'द कॅसलव्हेनिया अ‍ॅडव्हेंचर' आणि 'बेलमाँट्स रिव्हेंज'. पहिल्या वेळी ड्रॅक्युला पुरता संपत नाही, आणि पंधरा वर्षांनी तो क्रिस्टोफरच्या मुलालाच, सोलेलला, ताब्यात घेतो. कथा एवढीच.

१६९१ हे सायमन बेलमाँटचं साल, आणि इथे नवखे हमखास अडखळतात. पहिला 'कॅसलव्हेनिया', एमएसएक्स २ या संगणकावरचा 'व्हँपायर किलर', आर्केडमधला 'हाँटेड कॅसल', 'सुपर कॅसलव्हेनिया ४', आणि १९९३ मध्ये एक्स ६८००० या जपानी संगणकावर येऊन २००१ मध्ये प्लेस्टेशनवर 'कॅसलव्हेनिया क्रॉनिकल्स' म्हणून पुन्हा निघालेला गेम हे सगळे एकाच स्वारीची वेगवेगळी कथनं आहेत. नावात '४' आहे म्हणून तो चौथा भाग समजू नका. यांतला कुठलाही एक खेळलात तरी १६९१ झालं.

१६९८, 'सायमन्स क्वेस्ट'. ड्रॅक्युलाच्या शापाने सायमन झिजत चालला आहे. त्यावर उपाय एकच: ड्रॅक्युलाची बरगडी, हृदय, डोळा, नख आणि अंगठी असे पाच अवशेष जमवून त्याला पुन्हा उठवायचं आणि पुन्हा मारायचं. कल्पना थोर आहे, पण गावकऱ्यांचे सल्ले भरवशाचे नाहीत. एका कड्यापाशी लाल स्फटिक हाती घेऊन गुडघे टेकून थांबलं की वावटळ येऊन पुढे नेते, हे स्वतःहून सुचणं जवळपास अशक्य. इथे मार्गदर्शक उघडा ठेवून खेळण्यात काहीच कमीपणा नाही.

१७४८, 'हार्मनी ऑफ डिसनन्स'. सायमनचा नातू ज्यूस्ट बेलमाँट, मित्र मॅक्सिम आणि अपहरण झालेली लिडी. शंभर वर्षांच्या हिशेबात हे साल बसत नाही, आणि का बसत नाही हेच या गेमचं कोडं.

१७९२, 'रोंडो ऑफ ब्लड'. रिक्टर बेलमाँट आणि बारा वर्षांची मारिया रेनार्ड. शाफ्ट नावाच्या काळ्या पुजाऱ्याने ड्रॅक्युलाला जागं केलं आहे. १९९५ चा सुपर निन्टेन्डोवरचा 'ड्रॅक्युला एक्स' ही याच गोष्टीची वेगळी, उणी आवृत्ती.

१७९७, 'सिंफनी ऑफ द नाइट'. रिक्टर बेपत्ता आहे, किल्ला पुन्हा उभा राहिला आहे, आणि शतकांच्या झोपेतून अल्युकार्ड उठला आहे. गेमची सुरुवातच 'रोंडो'च्या शेवटच्या लढाईने होते. इंग्रजी आवृत्तीत त्या प्रसंगावर 'ब्लडलाइन्स' असं शीर्षक झळकतं. १९९४ च्या 'ब्लडलाइन्स' या गेमशी त्याचा काहीही संबंध नाही.

एकोणिसावं शतक, 'ऑर्डर ऑफ एक्लेझिया'. नेमकं साल दिलेलं नाही. रिक्टरनंतर बेलमाँट घराणं दिसेनासं झालं आहे आणि ड्रॅक्युलाशी लढायचं काम वेगवेगळ्या संघटनांनी अंगावर घेतलं आहे. त्यांपैकी एक्लेझिया या संघटनेतली शानोआ आठवणी हरवून बसली आहे. घराण्याचा आधार काढून घेतल्यावर ही मालिका किती एकाकी वाटू शकते, ते इथे जाणवतं.

१८९७ वर वेगळा गेम नाही. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतला क्विन्सी मॉरिस मालिकेने आपल्यात सामावून घेतला आणि त्याचं मॉरिस घराणं चाबकाचं वारस ठरलं.

१९१७, 'ब्लडलाइन्स'. जॉन मॉरिस आणि भालाधारी एरिक लेकार्ड पहिल्या महायुद्धातल्या युरोपभर फिरतात. रोमानिया, पिसाचा कलता मनोरा, जर्मनीतला शस्त्रकारखाना, व्हर्सायचा राजवाडा असं करत.

१९४४, 'पोर्ट्रेट ऑफ रुइन'. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्यांच्या आत्म्यांमुळे किल्ला पुन्हा उभा राहतो आणि ब्राउनर नावाचा व्हँपायर चित्रकार तो बळकावतो. जॉनचा मुलगा जॉनथन आणि जादू जाणणारी शार्लट ऑलिन त्याच्या चित्रांच्या आत शिरून लढतात. मॉरिस हे बेलमाँटांचे थेट वंशज नाहीत, म्हणून तो चाबूक पेलण्याची किंमत त्यांना आयुष्याने मोजावी लागते, हा या गेमचा गाभा.

१९९९ हे मालिकेतलं सर्वांत मोठं साल, आणि त्यावर गेमच नाही. ज्युलियस बेलमाँट आणि त्याच्या साथीदारांनी ड्रॅक्युलाला कायमचं संपवलं आणि किल्ला सूर्यग्रहणात बंद केला, एवढं आपल्याला पुढच्या गेममधल्या माणसांच्या बोलण्यातून समजतं. कितीतरी वर्षं चाहते या लढाईची वाट बघत आहेत. माझं मत विचाराल तर ती न दाखवल्यामुळेच 'आरिया'मधला ज्युलियस इतका भारदस्त वाटतो.

२०३५ आणि २०३६, 'आरिया ऑफ सॉरो' आणि 'डॉन ऑफ सॉरो'. जपानमधल्या एका मंदिराकडे निघालेला सोमा क्रूझ आणि त्याची मैत्रीण मिना ग्रहणातल्या किल्ल्यात ओढले जातात. सोमा शत्रूंचे आत्मे शोषून त्यांची शक्ती वापरू शकतो. का, ते खेळूनच कळू दे. 'डॉन' सुरू होतानाच ते गुपित उघड धरून चालतो, म्हणून हे दोन उलट्या क्रमाने कधीही खेळू नका.

पायरी ५: वादातले गेम कुठे ठेवायचे

१९९७ च्या 'लेजेंड्स'मध्ये १४५० सालची सोनिया बेलमाँट ही पहिली बेलमाँट होती. इगाराशींनी तो गेम कालक्रमातून काढला आणि पुढे 'लॅमेंट'ने ती जागा घेतली. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत.

१८३० मधला 'सर्कल ऑफ द मून', १८४४ पासूनचा 'लेगसी ऑफ डार्कनेस' आणि १८५२ मधला निन्टेन्डो ६४ वरचा 'कॅसलव्हेनिया' हे कोनामीच्या दुसऱ्या चमूने केले. मुख्य कथेतलं पुढचं काहीही त्यांच्यावर अवलंबून नाही. त्यांना बाजूच्या फांद्या समजा. 'सर्कल ऑफ द मून' मात्र खेळ म्हणून जरूर खेळा. पत्त्यांच्या जोड्या लावून शक्ती मिळवायची त्याची पद्धत आजही ताजी आहे.

पायरी ६: खेळायचा क्रम

मी सुचवते तो क्रम असा. 'रोंडो ऑफ ब्लड' आणि लगेच 'सिंफनी ऑफ द नाइट'. या जोडीत जुनी आणि नवी घडण दोन्ही भेटतात आणि एकाची कथा दुसऱ्यात सरळ उतरते. मग मागे जाऊन 'ड्रॅक्युलाज कर्स', कारण आता अल्युकार्डबद्दल ओढ निर्माण झालेली असते. तो अवघड आहे. आधी 'सुपर कॅसलव्हेनिया ४' वर हात बसवलात तर सोपं जाईल.

त्यानंतर 'आरिया' आणि 'डॉन'. 'सिंफनी' आधी खेळलेली असली तर 'आरिया'मधला एक माणूस तुम्ही पहिल्या भेटीतच ओळखाल. मग 'ब्लडलाइन्स' आणि 'पोर्ट्रेट ऑफ रुइन', याच क्रमाने. 'पोर्ट्रेट'मध्ये एका टप्प्यावर जॉनथनला चाबकाच्या स्मृतीशीच झुंजावं लागतं. समोर कोण उभं आहे, हे 'रोंडो' खेळलेल्यालाच खऱ्या अर्थाने भिडतं. 'ऑर्डर ऑफ एक्लेझिया' आणि 'हार्मनी ऑफ डिसनन्स' यानंतर कधीही.

'लॅमेंट ऑफ इनोसन्स' आणि 'कर्स ऑफ डार्कनेस' सर्वांत शेवटी. 'लॅमेंट'चा शेवट एका नावावर उभा आहे. ते नाव ऐकताना मागचे सगळे गेम डोळ्यांपुढून सरकायला हवेत, आणि पहिलाच गेम म्हणून तो खेळणाऱ्याला हे मिळत नाही.

पायरी ७: खरा शेवट गाठा

यातल्या बऱ्याच गेमना खोटे शेवट आहेत. श्रेयनामावली धावली म्हणून गेम संपला असं नाही, आणि कालक्रम खरा शेवटच धरतो. त्यासाठी कथा न फोडता सांगता येतील अशा या अटी.

'सिंफनी'मध्ये सोन्याची आणि चांदीची अंगठी दोन्ही घालून किल्ल्याच्या मधल्या घड्याळाच्या दालनात जा. तिथे मिळणारा चष्मा घालूनच रिक्टरसमोर उभे राहा आणि त्याच्याऐवजी त्याच्याभोवती फिरणाऱ्या गोळ्यावर वार करा. त्यानंतर जे उघडतं ते गेमचा अर्धा भाग आहे. ही अट चुकल्यामुळे पुष्कळांनी अर्धीच 'सिंफनी' पाहिली आहे.

'हार्मनी'मध्ये दुसऱ्या किल्ल्यात मॅक्सिमला भेटताना ज्यूस्टचं आणि मॅक्सिमचं अशी दोन्ही कडी हातात हवीत. 'आरिया'मध्ये ग्रॅहमशी लढताना फ्लेम डेमन, जायंट बॅट आणि सक्युबस हे तीन आत्मे लावलेले असू द्या. किल्ल्यात मिळणाऱ्या तीन जुन्या पोथ्यांमध्ये याच सूचना आहेत. 'डॉन'मध्ये दारिओशी दुसऱ्यांदा गाठ पडेल तेव्हा पॅरानॉइया हा आत्मा वापरून आरशात शिरा, आणि पुढे बागेतल्या प्रसंगाआधी मिनाने दिलेला ताईत घाला. 'पोर्ट्रेट'मध्ये ब्राउनरच्या दोन मुलींना मारू नका. शार्लटचा सँक्च्युअरी हा मंत्र त्यांच्यावर वापरा. 'एक्लेझिया'मध्ये आल्बसशी लढण्याआधी सगळ्या गावकऱ्यांची सुटका झालेली हवी.

पायरी ८: आज हे गेम कुठे आहेत

कोनामीच्या चार संग्रहांत मुख्य कथेचा बहुतेक भाग आला आहे. 'रेक्विएम' (२०१८, प्लेस्टेशन ४) मध्ये 'रोंडो' आणि 'सिंफनी'. 'अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन' (२०१९) मध्ये पहिला 'कॅसलव्हेनिया', 'सायमन्स क्वेस्ट', 'ड्रॅक्युलाज कर्स', 'सुपर ४', गेम बॉयचे दोन, 'ब्लडलाइन्स' आणि 'किड ड्रॅक्युला'. 'अ‍ॅडव्हान्स कलेक्शन' (२०२१) मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचे तिन्ही आणि 'ड्रॅक्युला एक्स'. 'डॉमिनस कलेक्शन' (२०२४) मध्ये डीएसचे तिन्ही, शिवाय 'हाँटेड कॅसल' आणि त्याचा नव्याने केलेला अवतार. 'अ‍ॅनिव्हर्सरी'मध्ये जपानी आवृत्त्याही आहेत. 'ड्रॅक्युलाज कर्स' जपानी आवृत्तीत जरूर ऐका, कारण त्या कार्ट्रिजमध्ये आवाजासाठी जादा चिप होती आणि संगीत कितीतरी भरदार आहे. ग्रँटही तिथे खंजीर फेकतो.

'सिंफनी' २०२० पासून मोबाइलवरही आहे. प्लेस्टेशन ४ नसेल आणि 'रोंडो' मिळत नसेल, तर 'ड्रॅक्युला एक्स'वर वेळ घालवण्यापेक्षा थेट 'सिंफनी'पासून सुरू करा. आवश्यक तेवढं पूर्वसूत्र ती स्वतःच देते. पीएसपी हे सोनीचं हातात धरायचं गेमयंत्र असेल तर २००७ चा 'ड्रॅक्युला एक्स क्रॉनिकल्स' शोधा. त्यात 'रोंडो'ची त्रिमितीय आवृत्ती असून मूळ 'रोंडो' आणि 'सिंफनी' खेळता खेळता उघडतात.

'लॅमेंट' आणि 'कर्स ऑफ डार्कनेस' या चारही संग्रहांत नाहीत. त्यांच्यासाठी त्या काळातलं यंत्र आणि डिस्क जमवावी लागते, तेव्हा बाकीचे खेळत असतानाच शोध सुरू ठेवा.